मिऱ्याएवढी भोकं

आचोळे, नालासोपारा (पूर्व)
१२ जानेवारी १९९७

ती. शकूताईस,
विलासचा साष्टांग नमस्कार.

संक्रांतीला गावी येतो म्हणालो होतो, पण या वर्षी जमेल असं दिसत नाही. आशालता म्हणत होती, तिळाचे लाडू पोस्टाने पाठवू या. मी म्हटलं, एवढ्या जवळ पोस्टाने लाडू पाठवले तर ताई ते पोस्टानेच परत पाठवेल.

सातिवलीच्या कारखान्यात अडचण झाली आहे. वॉचमन लोकांच्या कमरपट्ट्यांची मोठी ऑर्डर आहे आणि त्यासाठी कमावलेल्या कातड्याचे गठ्ठे मागवले होते. ऑगस्टीनदादाने नेहमीप्रमाणे पहिल्या गठ्ठ्यातली कातडी ऑक्झॅलिक ऍसिडच्या पाण्यात धुतली, वाळवली, मशीनवर घासली आणि रंगवली. रंग बसल्यावर बघतो तर जागोजागी भोकं. मिऱ्याएवढी, गोल. पट्टा ओढून धरला की पलीकडचं दिसतं. ऍसिड जास्त पडलं असणार, दुसरं काय? तो माप नजरेने घेतो आणि नजर आता साठीला आली.

मी त्याला एक वाकडा शब्द बोललो नाही. मला कातडं कापायची रापी धरायला त्यानेच शिकवलं, हे मी विसरलेलो नाही. खांद्यावर हात ठेवून म्हटलं, "दादा, वय झालं की होतं असं. उद्यापासून तू पॅकिंगला बस, आरामाचं काम आहे." त्याने मान हलवली, हात धुतले, डबा घेतला आणि गेला. दुसऱ्या दिवसापासून आलाच नाही.

तो तुझ्या दारासमोरच राहतो. काही बोलतो का? सहज विचारतो आहे.

हरेश्वर भावोजींना नमस्कार.

तुझा,
विलास

*

२१ जानेवारी १९९७

चि. विलास यास अनेक आशीर्वाद.

लाडू मी परत पाठवले नसते. खाल्ले असते आणि मग बोलले असते.

ऑगस्टीन काही बोलत नाही. तुझ्याबद्दल नाही, कशाबद्दलच नाही. सकाळी ओट्यावर येऊन बसतो तो दुपारी जेवायला उठतो. त्याची बर्था सांगत होती, "नोकरी सोडली" एवढंच तो म्हणाला. का सोडली ते तिने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा विचारायचा तिला धीर झाला नाही. परवा तिने बोंबील साफ करायला दिले तर म्हणाला, "सुरी माझ्याकडं देऊ नको, माझा हात आता कामाचा नाय." या माणसाने आख्ख्या आळीच्या चपला शिवून दिल्यात. मी ते ऐकलं आणि भाजी निवडायला आत गेले.

इकडे आमचं ठीक. साहेबाच्या मानेवर नि खांद्यावर गाठी आल्यात, वाटाण्याएवढ्या. दुखत काही नाही. खातो, पितो, दुपारचा लोळतो. हे म्हणतात, अंगातली उष्णता आहे. काल ह्यांनी त्याला तळ्यावर नेऊन पेंढ्याने खसखसून घासून काढलं. त्याने काही तक्रार केली नाही.

फोनवर बोलू म्हणशील, तर ते नको. आगाशीत दुकानाच्या फोनवर मी बोलते आणि अख्खा बाजार ऐकतो.

रोशनीला सहावा संपत आला. बाळंतपणाला इथे येणार नाही म्हणते, पालघरलाच दवाखाना बरा आहे म्हणे. तेव्हा मलाच जावं लागेल.

तुझी ताई,
शकू

*

२ फेब्रुवारी १९९७

ती. ताईस सा. नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. आधी एक सांग, भावोजींनी कुठल्या साहेबाला तळ्यावर नेऊन घासलं? तलाठी असतील तर जरा जपून. उद्या सातबाऱ्याचं काम पडलं तर हे सगळं आठवेल त्यांना.

ऑगस्टीनदादाचं वाचून वाईट वाटलं. पण मी काय करू सांग. मी त्याला काढलेलं नाही. रागावलोसुद्धा नाही. आशालता म्हणाली, जाऊन भेटून या. मी जाणार होतो, पण गेलो तर तो ओशाळेल. माणसाला आपल्या चुकीची आठवण कशाला करून द्यायची? म्हणून मुद्दामच आलो नाही.

त्याच्या जागी जितेश नावाचा माणूस ठेवला होता. धारावीत बरीच वर्षं काम केलेला. त्याला ऍसिड मापून दिलं, मी स्वतः उभं राहून. तरी पुढच्या गठ्ठ्यातल्या कातड्यांना तशीच भोकं पडली. हल्ली कामगारांना हातच राहिलेला नाही. त्यालाही जायला सांगितलं. याच्याशी मात्र मी गोड बोललो नाही. आता वाटतं, सातिवलीच्या टँकरच्या पाण्यातच काहीतरी असेल. बाटलीत भरून तपासायला दिलं आहे.

वॉचमनवाले रोज फोन करतात.

तुझा,
विलास

*

१६ फेब्रुवारी १९९७

चि. विलास यास आशीर्वाद.

साहेब म्हणजे बैल. गेल्या दिवाळीनंतर घेतला. काम सांगितलं की आधी उभा राहून विचार करतो, म्हणून ह्यांनी ते नाव ठेवलं. तू घरी येत असतास तर हे पत्रात लिहावं लागलं नसतं.

आता नीट वाच. कामात असशील तर हात धुऊन ये आणि मग वाच.

गाठी वाढल्या म्हणून आगाशीच्या जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. नवीन आलेत, हर्षवर्धन नाव, आडनाव माझ्या लक्षात राहिलं नाही. वय कोवळं आहे, पण माणूस हात घाण करायला मागेपुढे बघत नाही. त्यांनी एक गाठ सुईने टोचली आणि चिमटीत दाबली. आतून खरवसासारखं पांढरं घट्ट काहीतरी निघालं. ते काचेवर घेतलं आणि म्हणाले, "तुम्हाला बघायचं आहे का? दवाखान्यात दुर्बीण आहे. सहसा कोणी बघायला येत नाही." त्यांचा चेहरा असा झाला की नाही म्हणवेना. आम्ही दोघं गेलो.

आधी हे बघायला वाकले. बराच वेळ वाकलेलेच.

"गोचीड हाय का?" ह्यांनी विचारलं.

"नाही. गोचीड डोळ्याला दिसते. हे केसाच्या मुळात राहतात. एकेका गाठीत हजारो असतात."

"हे सगले आमच्या साहेबावर?"

"हो."

"आनि त्याला पत्ता नाय?"

"साधी खाजसुद्धा येत नाही."

"मंग सुखी हाय तो," हे म्हणाले आणि बाजूला झाले.

मग मी बघितलं. विलास, गाजरं रे. बारीक लांबट गाजरं आणि पुढच्या बाजूला आखूड आखूड पाय. हलत होती.

डॉक्टर म्हणाले, बैलाला यापासून काही धोका नाही, औषधाचीसुद्धा घाई नको. वासरू पीत असतं तेव्हाच आईच्या अंगावरून हे किडे त्याच्या अंगावर येतात. बाहेरून बघून कळत नाहीत. "नुकसान होतं ते फक्त कातड्याचं," असं म्हणाले. "कातडं कमावताना गाठीतला ऐवज निघून जातो आणि त्या जागी भोक राहतं. वरून ते बुजल्यासारखं दिसतं. घासलं, रंगवलं, ताणलं की उघडं पडतं."

मी विचारलं, "केवढं भोक?"

"ज्वारीच्या दाण्याएवढं, मिऱ्याएवढं."

मी तिथल्या बाकावर बसले. हे म्हणाले, काय झालं? मी डॉक्टरांना तुझं सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ऍसिडने जळलेला भाग कडक झाला होता का, तडकला होता का? मी म्हटलं, माझ्या भावाने तसं लिहिलेलं नाही, गोल भोकं एवढंच लिहिलं आहे. ते म्हणाले, "बघितल्याशिवाय मी सांगणार नाही. पण ऍसिड काही गोल गोल भोकं पाडत बसत नाही."

आता मी एक विचारते त्याचं सरळ उत्तर दे. त्याच मालातलं, ऑगस्टीनने हात न लावलेलं एखादं कातडं तुझ्या गोदामात आहे का? न धुतलेलं, न घासलेलं? असेल तर ते उजेडावर धरून बघ.

आणि दोन माणसांच्या हातून तशीच भोकं पडल्यावर तुला पाण्याचा संशय आला. कातड्याचा आला नाही. हे मला नवल वाटतं.

लवकर बघ. क्लेमेंटीन नाशिकहून येऊन गेली. ईस्टर झाला की आईबापांना कायमचं तिकडे नेणार आहे. बर्थाने वांग्यांचा वाफा या वर्षी लावलाच नाही. ऑगस्टीनने सायकल देऊन टाकली, दिसत नाही म्हणून. डोळ्यांच्या डॉक्टरने तपासून चष्मा ठीक आहे असं सांगितलं, तरी म्हणतो दिसत नाही.

मी बर्थाला अजून काही बोललेले नाही.

तुझी ताई,
शकू

*

(पोस्टकार्ड)
४ मार्च १९९७

चि. विलास,
पत्र मिळालं की नाही? मिळालं नसेल तर तसं कळव. मिळालं असेल तरी कळव.
शकू

*

८ मार्च १९९७

ती. ताईस सा. नमस्कार.

पत्र मिळालं होतं. ज्या दिवशी मिळालं त्याच दिवशी मी गोदामात गेलो.

तिसरा गठ्ठा सुतळीसकट तसाच पडून होता. मी तो सोडला आणि वरचंच कातडं घेऊन ट्यूबलाइटसमोर धरलं. आधी काही दिसलं नाही आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. मग अंगठा फिरवला. मानेच्या आणि खांद्याच्या भागात बारीक बारीक फुगवटे. कातडं मांडीवर घेऊन ताणलं तर उजेडाचे ठिपके दिसायला लागले. दुसरं काढलं, तिसरं काढलं. सगळ्या कातड्यांना नव्हते, पण बऱ्याच कातड्यांना होते. ऑगस्टीनदादाने त्यांना हात लावलेला नाही. ऍसिड लागलेलं नाही. पाणीसुद्धा नाही.

तुकडा कापून डॉ. हर्षवर्धन यांना पोस्टाने पाठवला होता. त्यांचं उत्तर आलं. आनंदाने लिहिलेलं वाटलं. म्हणतात, इतका चांगला नमुना त्यांनी पुस्तकातच बघितला होता, ठेवून घेतला तर चालेल का? मी चालेल म्हणून कळवलं.

माल देणाऱ्या व्यापाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, "जनावराच्या अंगावर किडे होते, त्याला मी काय करू? मी काय त्यांना आंघोळ घालत होतो?" पुढच्या वेळी बघून घ्या म्हणाला. जितेशचा पत्ता शोधून त्याला भेटलो आणि सांगितलं, चूक तुझी नव्हती. तो म्हणाला, "मला माहीत होतं, शेठ." दुसरीकडे लागला आहे. परत येणार नाही.

एवढं सगळं केलं आणि तुला मात्र पत्र लिहिता येईना. रोज कागद घेऊन बसत होतो. आशालता म्हणते, तुम्ही ताईला नाही, ऑगस्टीनदादाला घाबरता आहात. असेल.

ताई, तू बर्थाला सांग ना. तू सांगितलंस की ती त्याला सांगेल. तुझ्या तोंडून ते बरं वाटेल. मग मी येईन.

तुझा,
विलास

*

१२ मार्च १९९७

चि. विलास,

नाही सांगणार.

मी सांगितलं तर तो म्हणेल, शकू शेजारीण आहे, दया करते. वय झालं हे त्याला तू सांगितलंस. वय झालं नाही हे पण तूच सांग.

मी उद्या पालघरला रोशनीकडे जाते आहे. पोरगी आता अवघडली आहे. तू येशील तेव्हा मी नसेन, ते एका परीने बरंच आहे. माझ्या मागे लपता येणार नाही. कातडं घेऊन ये, नुसतं तोंड घेऊन येऊ नकोस. घरी हे आहेत, डाळभात त्यांना येतो.

ईस्टर तीस तारखेला आहे. तेवढं लक्षात ठेव.

शकू

*

२४ मार्च १९९७

ती. ताईस सा. नमस्कार.

काल गावी जाऊन आलो. तुला पालघरच्या पत्त्यावर लिहितो आहे, कारण भावोजी भेटले की त्यांच्या पद्धतीने सांगतील. त्याआधी माझ्याकडून ऐक.

रविवार होता. ते दोघं चर्चमधून नुकतेच आले होते. ऑगस्टीनदादा ओट्यावर पांढऱ्या शर्टात बसला होता. किती वाळला आहे, तू लिहिलं नव्हतंस. मला बघून उठला आणि खुर्ची दिली. "ये विल्या. आशा कशी हाय? धंदा बरा चाललाय ना?" असं विचारलं. पाहुण्याला विचारतात तसं. बर्थावहिनी पाणी घेऊन आली आणि दारातच उभी राहिली.

वाटेत मी काय काय बोलायचं ते ठरवलं होतं. त्यातलं काही आठवेना. मी गुंडाळी सोडली, ओट्याच्या कडेला उन्हात कातडं धरलं आणि म्हटलं, "दादा, अंगठा फिरव."

"माझ्या हाताला आता कळत नाय."

"फिरव तर."

त्याने फिरवला. मानेच्या बाजूला अंगठा थांबला. पुन्हा मागे नेला, पुन्हा थांबला. मग त्याने कातडं माझ्या हातातून घेतलं, दोन्ही मुठींत धरून ताणलं आणि उन्हाकडे केलं. त्याच्या पांढऱ्या शर्टावर उन्हाचे ठिपके पडले.

"हे मी धुतलेलं?" त्याने विचारलं.

"नाही. त्याच मालातलं आहे. गठ्ठा सोडलेलाच नव्हता. सुतळी मी सोडली."

मग मी किड्यांचं सांगितलं, डॉक्टरांचं सांगितलं, जितेशच्या हातूनही तसंच झालं ते सांगितलं. तो ऐकत होता, पण नजर कातड्यावर. बर्थावहिनीने तोंडाला पदर लावला होता.

"सुतली कधी सोडली?" त्याने विचारलं.

"फेब्रुवारीत."

"आनि आता काय चाललाय?"

"मार्च."

ताई, तो उठला. मला वाटलं आत जातो आहे. तो गेला नाही. तो ओरडला. मी त्याला लहानपणापासून ओळखतो, पण त्याचा एवढा मोठा आवाज असेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणाला, "महिनाभर तुला म्हाईत होतं! महिनाभर मी हितं बसून माझ्या हाताकडं बघतोय!" मी म्हटलं, दादा, चुकलो. तो म्हणाला, "चुकला ते सोड! तू मला तवा ओरडला का नाय? शिव्या दिल्या असत्या तर मी भांडलो असतो. सांगितलं असतं, माझं माप चुकत नाय, दुसरं कातडं आन, दाखवतो! तू खांद्यावर हात ठेवलास. गोड बोललास. गोड बोलनाऱ्याशी मानूस कसा भांडनार? मी घरी आलो आनि मला वाटलं, विल्या एवढ्या मायेने बोलला म्हंजे खरंच असनार. खरंच माझं संपलं असनार."

मी आतापर्यंत सगळ्यांना सांगत होतो की मी त्याला एक वाकडा शब्द बोललो नाही. तुलाही तसंच लिहिलं होतं.

तो बराच वेळ ओरडत होता. माझ्या धंद्याला, माझ्या बुद्धीला, मी लहानपणी त्याच्या आवारातले पेरू तोडायचो त्याला, सगळ्याला नावं ठेवून झाली. आळीतली माणसं दारात आली. भावोजी गोठ्यातून आले आणि कुंपणाशी उभे राहून ऐकत राहिले. मध्ये दादा दम घ्यायला थांबला तेव्हा ते म्हणाले, "ऑगस्टीन, पानी पी आनि मंग बोल." तो पाणी प्यायला आणि पुन्हा बोलला.

बर्थावहिनी रडत होती आणि हसत होती. मला हळूच म्हणाली, "जाऊ नका हां. बोलू दे त्याला." मी कुठे जात होतो? मला इतकं बरं कधी वाटलं नव्हतं.

मग मी विचारलं, "परत येशील का?"

"नाय," तो म्हणाला. "ईस्टर झाला की नाशिकला जानार. पोरीने तिकिटं काढली." आणि आत गेला.

मी निघालो. भावोजींकडे डाळभात खाल्ला. बरा होता.

काम झालं की नाही ते मला कळलेलं नाही. रोशनीला आशीर्वाद.

तुझा,
विलास

*

पालघर
३ एप्रिल १९९७

चि. विलास यास अनेक आशीर्वाद.

रोशनीला मुलगी झाली. दोघी सुखरूप. पोरगी रडते तेव्हा वॉर्डातल्या नर्स दचकतात.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. महिनाभर गप्प बसलास ते वाईट केलंस, आणि त्याचं मी आता काही म्हणणार नाही, कारण ज्याने म्हणायचं त्याने म्हटलं आहे. गेलास ते चांगलं केलंस.

हे परवा बाळाला बघायला आले होते. त्यांच्याकडून कळलं की ऑगस्टीन आणि बर्था नाशिकला गेले. पण जाताना बर्थाने घराची किल्ली ह्यांच्याकडे दिली आणि सांगितलं, पावसाच्या आधी कौलं बघून ठेवा, गळता कामा नयेत. कायमचं जाणारा माणूस कौलांची काळजी कशाला करील? मला एवढंच सुचलं ते लिहिलं. तू त्यांना पत्र लिहू नकोस, त्याच्यामागे लागू नकोस. माणूस रागावला आहे, त्याला नीट रागावू दे.

तुझी ताई,
शकू

*

आचोळे
१४ जून १९९७

ती. ताईस सा. नमस्कार.

ऑगस्टीनदादा सोमवारी कारखान्यात आला. कळवलं नाही, काही नाही. सकाळी मी शटर उघडायला गेलो तर हा बाहेर उभा. म्हणाला, "नाशिकला खाडी नाय, मासे शिळे. बर्थाला करमेना." मग आत येऊन त्याने सगळीकडे नजर फिरवली आणि म्हणाला, किती घाण करून ठेवलीस.

त्याच्या दोन अटी आहेत. माल आला की गठ्ठा तो सोडणार आणि प्रत्येक कातडं उजेडावर धरून बघणार. नापसंत पडलं की परत, त्यात मी बोलायचं नाही. ही एक. दुसरी अशी की मनात काही आलं तर मी तोंडावर बोलायचं, खांद्यावर हात ठेवायचा नाही. दोन्ही मी कबूल केल्या. वॉचमनवाल्यांची ऑर्डर गेली ती गेली, पण आता एका शाळेच्या पट्ट्यांचं काम मिळालं आहे.

आणि काल काय झालं ते ऐक. शाळेचे पट्टे तपकिरी हवे होते. चिठ्ठी भिंतीवर लावलेली होती, मोठ्या अक्षरात. दादाने अख्खी रास काळी रंगवली. या वेळी किडे नाहीत, ऍसिड नाही, काही नाही. शुद्ध त्याची चूक.

माझा हात उचलला गेला होता, सवयीने. मी तो खाली घेतला आणि ओरडलो. चांगला ओरडलो. शेजारच्या गाळ्यातले लोक बघायला आले. तो माझ्याहून मोठ्याने ओरडला, की तपकिरी रंगाचा डबा काळ्याच्या शेजारी ठेवणारा गाढव कोण? तो मीच होतो. मग आम्ही दोघंही दमलो. त्याने बर्थावहिनीने दिलेला डबा उघडला, त्यात कोलंबी होती, अर्धी माझ्या ताटात वाढली आणि म्हणाला, "खा. जेवून झालं की पुन्हा रंगवू."

तुझा,
विलास